पाण्याची मांजर

जूनमध्ये बदली झाली. साताऱ्याहून जत,
जतहून उमदीची एसटी, आणि तिथून पुढे
कुणाच्या तरी मोटरसायकलवर, मांडीवर पिशवी.
पिशवीत चित्रांचे तक्ते, हजेरी आणि एक लाकडी पट्टी.
वस्तीवरची शाळा. दोन खोल्या, एकोणीस पोरं.
घरात कानडी, रानात कानडी, शेरडांना हाकसुद्धा कानडीत,
आणि दारावर निळ्या रंगात: माध्यम मराठी.

तक्त्यावरच्या झाडाला पट्टी टेकवून विचारलं, हे काय?
सिद्राया उठला. थेट माझ्याकडे बघत
मोठ्यानं म्हणाला,
मर.

घंटा होईपर्यंत त्याला दाराबाहेर उभा केला.
बाहेर कडुनिंब होता.
तो त्याच्याच सावलीत उभा राहिला
आणि एकदा, फक्त एकदा,
बुंध्यावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं त्यानं.
मला वाटलं, पोरगं निगरगट्ट आहे.

दुपारी खिचडीचं पातेलं उतरवताना कमळव्वा म्हणाली,
बाई, मर म्हंजी झाड वो आमच्यात.
बरूबर बोलला की त्यो.

बारा वर्षं शिकवतेय मी.
त्या रात्री भाड्याच्या खोलीत भाकरी करपली
आणि तशीच खाल्ली.

सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, काल मी चुकले.
वर्ग गप्प. बाई चुकते
हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
म्हटलं, सिद्राया, आज तू शिकव.
त्यानं पट्टी मागितली. दिली.
पाणी? नीरू. घर? मने.
मने! किती वेळ मी तो शब्द तोंडात घोळवत राहिले.
मग जरा हुशारी आली अंगात,
तांब्या उचलून ऐटीत म्हणाले,
नीरू बेक्कू.

आधी बिराप्पा फुटला, मग सगळी खोली.
कुणी लोळलं, कुणाला उचकी लागली,
आणि शेवटच्या रांगेतली मायाक्का,
जिचा आवाज जूनपासून हजेरीलाही आला नव्हता,
उठून माझ्याजवळ आली, माझ्या ओठांकडे बघत
हळूच म्हणाली, बेऽकू.
बेऽऽकू, बाई.

बेकू म्हणजे हवं. बेक्कू म्हणजे मांजर.
मी पाण्याची मांजर मागितली होती.

तेव्हापासून ती फळ्याच्या कोपऱ्यात राहते.
मिशा ओल्या, शेपटी ठिबकणारी.
कुणी चुकलं की ओरडायचं नाही, हसायचं तर सगळ्यांनी मिळून,
आणि चुकणाऱ्यानं उठून तिला एक मिशी काढायची.
‘मी पाणी पिला’ला एक मिशी.
‘माझी बाप’ला एक.
माझ्या कानडीपायी तर एका दुपारी
तिचं तोंडच दिसेना.

पट्टी आता कुंडीत रोवलेली आहे.
पावट्याचा वेल तिच्यावर चढलाय, सोळा सेंटिमीटरपर्यंत.

केंद्रप्रमुख आले. फळा बघून म्हणाले, हे काय?
मी तोंड उघडायच्या आत एकोणीस जण उभे राहिले
आणि अर्धं कानडी, अर्धं मराठी असं काहीतरी
एकदम सांगायला लागले.
साहेबांना काही कळलं नाही. वहीत त्यांनी लिहिलं:
शिस्त सुधारण्यास वाव. विद्यार्थी बोलतात.
दुसरं वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

काल मायाक्कानं चित्र काढलं. दोन खिडक्या, एक दार,
दारात बसलेली शेळी.
खाली मराठी अक्षरांत, वळण नीट सांभाळून,
मने.
लाल पेनाचं टोपण काढलं होतं मी.
परत लावलं.
शेजारी शिसपेन्सिलीनं लिहिलं, घर.
ती दोन्ही शब्दांवर बोट फिरवत राहिली
आणि मग फळ्याकडे बघून विचारलं,
बाई, मिशी काढायची का?

नको, म्हटलं.
बेडा.

ती हसली. म्हणाली, बेऽडा.
आणि खडू माझ्या हातात दिला.